तीन आणे पीक

चारुदत्त त्या संध्याकाळी घराबाहेर पडला तो दुसऱ्याच्या घरातले नळ गोठू नयेत म्हणून. काम एवढंच होतं.

गुरुदत्तकाकांनी गोष्ट इथूनच सुरू केली. अमेरिकेतल्या हर्नडन गावातलं भावाचं घर, १९८८ सालच्या थँक्सगिव्हिंगची रात्र, साडेदहा वाजून गेलेले. वर मोठी मंडळी पत्ते कुटत बसली होती आणि खाली बेसमेंटमध्ये काकांसमोर त्यांच्या भावाची दोन कॉलेजात जाणारी मुलं, विवेक आणि दीपा, एकच पांघरूण ओढून बसली होती.

"इज धिस अ ट्रू स्टोरी, काका?" दीपानं विचारलं.

"चारुदत्त माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायचा, शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागे. त्यानंच मला सांगितली. माणूस थापा मारत नाही असं नाही. पण स्वतःची मान खाली जाईल अशी थाप कोण मारेल? आणि तो कोपऱ्यातला दिवा असू दे. घालवू नकोस."

तर तारीख होती १९ जानेवारी १९८५. शनिवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. रेडिओवाला सकाळपासून सांगत होता की आज रात्री शिकागोत आजवर पडली नाही एवढी थंडी पडणार. चारुदत्तचा मित्र श्रीरंग आणि त्याची बायको उत्तरा दहा दिवसांपूर्वी घाईघाईनं पुण्याला गेले होते, कारण श्रीरंगचे वडील फार आजारी होते. शिकागोबाहेर शॉमबर्गला त्यांचं घर होतं, त्याची किल्ली चारुदत्तकडे होती. असल्या थंडीत रिकाम्या घराला ऊब देणारा फर्नेस बंद पडला की पाइप फुटतात आणि मालक परत येतो तेव्हा बेसमेंटमध्ये तळं झालेलं असतं. तेव्हा जायचं, फर्नेस बघायचा, सगळे नळ बारीक धारेनं सोडून ठेवायचे आणि रात्र तिथेच काढायची. चारुदत्तच्या बायकोनं, कांचननं, डब्यात पोळ्या आणि भरली वांगी दिली. "पोचलास की फोन कर," म्हणाली.

बॅगेत डब्याखाली आणखी एक वस्तू होती आणि ती कांचनला ठाऊक नव्हती. टाइप केलेलं चारशे पानांचं बाड. श्रीरंगचं पुस्तक.

ही भानगड जरा समजून घ्या. इकडे युनिव्हर्सिटीची प्रेस पुस्तक छापण्याआधी ते दोन जाणकारांकडे गुपचूप पाठवते. जाणकार कोण, ते लेखकाला कळू देत नाहीत. दोघांनी बरं म्हटलं तर छापतात. हे पुस्तक छापलं गेलं तर श्रीरंगची कॉलेजातली नोकरी कायम होणार होती. नाही छापलं तर जूनमध्ये नारळ. घराचे हप्ते चालू होते. आणि त्या दोन जाणकारांपैकी एक होता चारुदत्त. त्याचा रिपोर्ट सोमवारी टपालात पडायला हवा होता, आणि अजून त्यानं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"सो ही शुड जस्ट राइट अ गुड वन," विवेक म्हणाला. "फ्रेंड आहे ना."

"तू अजून नोकरीला लागला नाहीस, बाळा," काका म्हणाले. "लागलास की कळेल."

दोघांचा विषय एकच. ब्रिटिशांच्या काळात मुंबई इलाख्यात सरकार शेतसारा कसा ठरवायचं आणि कसा वसूल करायचं. ऐकायला कोरडा वाटतो, पण चारुदत्तनं त्यात आयुष्याची बारा वर्षं घातली होती. पुण्याच्या दफ्तरखान्यात कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. तसला एक रुमाल चारुदत्तनं १९७३ साली पहिल्यांदा सोडला. नगरकडच्या एका गावाच्या कुलकर्ण्याचे कागद. आपण यावर पुस्तक लिहायचं, हे त्यानं त्याच दिवशी ठरवलं. पुढे ठरवतच राहिला. मग १९७९ साली श्रीरंग अमेरिकेत आला, सहा वर्षांनी लहान, खिशात आठ डॉलर. एअरपोर्टवरून त्याला चारुदत्तनंच आणला. तीन महिने आपल्या सोफ्यावर झोपवला. श्रीरंग त्याला दादा म्हणायचा. आणि एका रात्री पिठलंभात खाताना चारुदत्तनं त्याला त्या रुमालाची सगळी हकिकत सांगून टाकली.

श्रीरंगनं ती दोन वर्षांत लिहून काढली.

चोरी नव्हती ती. कागद सरकारी, कुणीही बघावेत. श्रीरंगनं विचारलंसुद्धा होतं, "दादा, मी यावर काम केलं तर चालेल ना?" आणि चारुदत्त म्हणाला होता, "अरे, कर की. छान." आपल्या लोकांत मत्सर भांडून बाहेर पडत नाही, तो असा 'छान' म्हणून आत जातो आणि तिथेच ठाण मांडतो. श्रीरंगला नोकरी लागली, छान. शॉमबर्गला चार बेडरूमचं घर घेतलं, छान. चारुदत्त तेव्हा दोन कॉलेजांत तासांवर शिकवत होता आणि बर्फात गाडी लावायला रोज अर्धा तास जागा शोधत होता.

साडेसातला तो शॉमबर्गला पोचला. कांचनला फोन केला. फर्नेस व्यवस्थित चालू होता. त्यानं सगळे नळ सोडले, आणि घरभर बारीक पाणी ठिबकायला लागलं. मग डबा घेऊन तो मागच्या फॅमिली रूममध्ये बसला. एका भिंतीला मोठं सरकतं काचेचं दार, पलीकडे अंगण, अंगणात गुडघाभर बर्फ. दुसऱ्या भिंतीला श्रीरंगचं टेबल आणि पुस्तकं. किती पुस्तकं. नीट विषयवार लावलेली. चारुदत्तची पुस्तकं खोक्यांत होती, कारण लावायला भिंतच नव्हती. वांगी गार झाली तरी तो त्या कपाटाकडे बघत राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता.

नऊला त्यानं बाड उघडलं. सगळं आधी वाचलं होतं, पण सहावं प्रकरण राहिलं होतं. मुद्दाम ठेवलं होतं. सहावं प्रकरण म्हणजे तो कुलकर्णी.

दुष्काळाच्या साली पीक किती आलं हे आण्यांत लिहायचे. सोळा आणे म्हणजे भरपूर, आठ म्हणजे अर्धं. चार आण्यांच्या खाली उतरलं तर त्या साली सारा तहकूब. हे आणे मोजून काढत नसत, शेताच्या बांधावर उभं राहून नजरेनं ठरवत. त्याला पाहणी म्हणायचे. पाहणी कुलकर्ण्याची, त्याच्या कागदावर तालुक्याला मामलेदार सही करणार, आणि मग तो आकडा दगडावरची रेघ. १८९९ साली या कुलकर्ण्याच्या चुलतभावाच्या शेतात दोन आणेही पीक नव्हतं. पण त्या भावाच्या विहिरीला बारमाही पाणी होतं आणि त्याला तीन मुलगे होते. कुलकर्ण्याच्या विहिरीला दगड लागलेला आणि घरात मूल नाही. त्यानं लिहिलं, दहा आणे. भावाला पूर्ण सारा लागला. बैल गेले, मग शेताचा लिलाव झाला. तो बायकापोरांना घेऊन खडी फोडायच्या सरकारी कामावर निघाला आणि वाटेत ते सगळे पटकीनं गेले.

कुलकर्णी तालुक्याला धावला. आकडा चुकला, बदलून द्या. मामलेदारानं सांगितलं, वर गेलेला कागद परत येत नसतो.

त्यानंतर तो रोज रात्री कंदील घेऊन त्या शेतात जायचा, पुन्हा पाहणी करायला. तिथेच एके दिवशी सकाळी सापडला. पण गावानं सांगितलं ते असं, की पाहणी थांबली नाही. रात्रीच्या वाटसरूला तो अडवतो, शेत दाखवतो आणि विचारतो, किती आणे लिहू? आणि गावातल्या प्रत्येक पोराला शिकवून ठेवलेलं असायचं की आकडा सांगायचा नाही. तुमचं तुम्ही लिहा, म्हणायचं, आणि चालायला लागायचं.

हे सगळं श्रीरंगनं असं लिहिलं होतं की चारुदत्तच्या अंगावर काटा आला. आपल्याला हे कधी जमलं नसतं, हे त्याला पहिल्या पानावरच कळलं. कळलं, आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं.

त्यानं कागद ओढला आणि रिपोर्ट लिहिला. नवीन काही नाही. पुरावा तोकडा. छापण्याच्या योग्यतेचं नाही. अकरा ओळी. सही केली, पाकिटात घातला, पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मग तो तिथेच सोफ्यावर आडवा झाला.

काका थांबले. वर कुणीतरी पत्ते पिसत होतं. दीपानं पांघरूण गळ्यापर्यंत घेतलं.

त्याला जाग आली ती शांततेनं. नळांचं ठिबकणं बंद झालं होतं. सगळ्या नळांचं. एकदम.

दोन वाजून वीस मिनिटं.

पाइप गोठले, असं वाटून तो उठला. स्वयंपाकघरात गेला. नळाला हात लावला. धार चालू होती. पाणी पडत होतं. फक्त आवाज येत नव्हता.

तो मागे वळला. काचेच्या दारापलीकडे, अंगणात, उजेड होता.

पिवळा उजेड. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. हलत होता.

शेजारी असेल, त्यानं मनाशी म्हटलं. गोऱ्या शेजाऱ्याचं कुत्रं सुटलं असेल. तो दारापाशी गेला. काचेवर बर्फाची फुलं धरली होती. त्यानं तळव्यानं थोडी जागा पुसली.

धोतर. खांद्यावर घोंगडी. डोक्याला मळकं पागोटं. एका हातात कंदील, दुसऱ्या हाताच्या काखेत कागदांची बासनं. बाहेर शून्याखाली सव्वीस होतं. माणूस उघड्या पायांनी उभा होता... आणि त्याच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

"पाहणीला यावं," तो म्हणाला.

दार बंद होतं. आवाज खोलीतून आला.

चारुदत्तला पळायचं होतं. तो काचेशीच उभा राहिला.

माणसानं कंदील वर केला. आणि बर्फ नव्हताच तिथे... ज्वारी होती. कुंपणापासून कुंपणापर्यंत. पुरुषभर उंच. कणसं अशी भरलेली की ताटं वाकली होती. चारुदत्त शेतकऱ्याच्या घरातला नव्हता, पण बारा वर्षं त्यानं पिकांचेच कागद वाचले होते. असलं पीक त्यानं कुठे वाचलंसुद्धा नव्हतं.

"तुमच्या भावाचं शेत," माणूस म्हणाला. "किती आणे लिहू?"

उत्तर त्याला ठाऊक होतं. तीन शब्द. तुमचं तुम्ही लिहा. अर्ध्या तासापूर्वी... नाही, दोन तासांपूर्वी वाचलेलं.

त्यानं तोंड उघडलं.

समोर सोळा आणे उभे होते. वाऱ्यानं हलत होते. वारा नव्हता.

"तीन," चारुदत्त म्हणाला.

त्यानं मला शपथेवर सांगितलं. कुणी बोलायला लावलं नाही. भीतीनं तोंडातून निसटलं असंही नाही. ते पीक बघून मनात जे जळलं, ते बाहेर आलं. आणि म्हणताना, त्या एवढ्या भीतीतही, बरं वाटलं.

माणूस खाली बसला. बासन सोडलं. मांडीवर कागद ठेवला. लिहिलं... बराच वेळ लिहिलं.

मग मान वर करून त्यानं चारुदत्तकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती.

कंदील गेला.

आणि फोन वाजला.

चारुदत्त किंचाळलाच. मग नळांचं ठिबकणं ऐकू यायला लागलं, फर्नेसची घरघर ऐकू आली. फोन वाजतच होता. पलीकडे श्रीरंग. पुण्यात तेव्हा दुपार.

"दादा, तू तिथे असशील असं वाटलंच मला. कांचनवहिनींना उठवायचं नव्हतं. बाबा गेले. आत्ताच सगळं आटपून आलो."

चारुदत्तनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ऐक ना," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "हे आत्ता बोलायचं नाही, पण बोलतो. प्रेसनं मला नावं विचारली होती. मी तुझं दिलं. त्यांनी तुला पाठवलं का नाही, ते मला सांगणार नाहीत, तूही सांगू नकोस. पाठवलं असेल तर तुला जे खरं वाटेल तेच लिही. माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. बाबांना काल शुद्ध होती तेव्हा सांगितलं मी त्यांना, की पुस्तक तुम्हाला दोघांना अर्पण केलंय. तुम्हाला आणि दादाला."

फोन ठेवून चारुदत्त जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग उठला. चिकटवलेलं पाकीट फाडलं, आतला रिपोर्ट फाडला, तुकडे सिंकमध्ये जाळले. पहाटेपर्यंत बसून नवीन रिपोर्ट लिहिला. पाच पानं, मनापासून. एवढ्या वर्षांत आपल्या विषयावर इतकं चांगलं पुस्तक झालं नाही, असं लिहिलं आणि ते खरंच होतं. उजाडल्यावर अंगणात पाहिलं. बर्फ जसाच्या तसा, त्यावर पाऊल नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. सोमवारी स्वतः पोस्टात जाऊन त्यानं पाकीट टाकलं. आत पाचच पानं होती, त्यानं ती दोनदा मोजली.

"सो ही डिड द राइट थिंग," दीपा म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं.

"हो. केलं."

पुस्तक मंजूर झालं. श्रीरंगची नोकरी कायम झाली. तो फेब्रुवारीत पुण्याहून परत आला, तेव्हा चारुदत्त एअरपोर्टवर गेला होता. श्रीरंग त्याच्या गळ्यात पडला. पण मार्चपासून काहीतरी बिनसलं. फोन कमी झाले. गुढीपाडव्याला शॉमबर्गचं बोलावणं आलं नाही. चारुदत्तनं फोन केला की उत्तरा उचलायची आणि श्रीरंग नेमका आंघोळीला गेलेला असायचा. कांचन विचारायची, काय झालं रे तुमचं? चारुदत्तला खरंच माहीत नव्हतं. आपण मनात काय आणलं होतं ते श्रीरंगला कळणं शक्य नव्हतं. ते पाकीट फाडून जाळलं होतं.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरात, टपालानं पुस्तक आलं. सोबत चिठ्ठी नाही. चारुदत्तनं पहिली पानं उघडली. अर्पण केलं होतं वडिलांना. फक्त वडिलांना.

आणि सहाव्या प्रकरणात एक घडी घातलेला कागद होता. त्याला प्रेसच्या बाईंची टाइप केलेली चिठ्ठी टाचलेली, श्रीरंगच्या नावानं, फेब्रुवारी ८५च्या तारखेची. 'दुसऱ्या रीडरच्या पाकिटात रिपोर्टबरोबर हेही निघालं. आम्हाला वाचता आलं नाही. तुमच्या कामाचं असावं म्हणून पाठवत आहे.'

कागद जाड, खरखरीत, जुन्या दफ्तरातला असतो तसा. मजकूर मोडीत. श्रीरंगला मोडी उत्तम वाचता येते. चारुदत्तलाही येते.

मौजे शॉमबर्ग. शेत श्रीरंगचं. पीक तीन आणे. आणि खाली पाहणी करणाराची सही, मोडीतच, चारुदत्तच्या नावाची. चारुदत्तला मोडी वाचता येते, पण लिहायला तो कधी शिकला नाही. तरी ते वळण त्याचं होतं. बाराखडी कुठलीही असो, माणसाला आपला हात ओळखू येतो.

विवेक पांघरूण सोडून पुढे सरकला.

"मग त्यानं सांगायचं ना," विवेक हळूच म्हणाला. "ही कुड हॅव एक्स्प्लेन्ड. मी नाही लिहिलं म्हणून."

"काय सांगणार? तीन म्हणाला तो, ते खोटं होतं का?" काकांनी चष्मा काढून पुसला. "तो श्रीरंगकडे कधी गेला नाही. श्रीरंगनं कधी विचारलं नाही. शॉमबर्ग ते डेव्हन, पाऊण तासाचा रस्ता. आज दोन वर्षं झाली."

"तुम्ही पाहिलात तो कागद?" दीपानं विचारलं.

"पाहिला. या उन्हाळ्यात गेलो होतो त्याच्याकडे. त्यानं कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हटलं, अरे, कुणीतरी थट्टा केली असेल तुझी. आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं."

काकांनी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासलं. दोनदा, तीनदा.

"शाई ओली होती."